अठराच्या अलीकडे

एप्रिल २०२३ची गोष्ट. रमजान संपत आला होता. उम्म अल हस्सममधल्या आमच्या गल्लीत त्या दिवसांत दुपारी चिटपाखरू नसतं. कडक चहाची दुकानं मगरिबच्या अजानीनंतर उघडतात आणि मग मध्यरात्रीपर्यंत बाहेर गाड्यांचे हॉर्न. अशा एका सामसूम दुपारी वरच्या मजल्यावरची मुलगी माझ्याकडे फिजिक्सच्या शंका घेऊन आली होती. सोळा वर्षांची, नुकतीच अकरावीत गेलेली. तिची आई आणि मी चांगल्या मैत्रिणी. मी तिशीतली, त्यामुळे मुलीने मला ताई म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. पण तिच्या आईने पहिल्याच दिवशी ‘मावशी म्हण गं’ असं सांगून तो विषय संपवला होता.

व्हेक्टरची बेरीज चालली होती. मध्येच ती म्हणाली, “मावशी, सुप्रीम कोर्टातलं बघतेस का तू?”

“कुठलं?”

“लग्नाचं. समलिंगी लोकांच्या. यूट्यूबवर लाइव्ह दाखवतायत. सकाळी शाळा असते, म्हणून आल्यावर राहिलेलं बघते.”

मी म्हटलं, बातम्या वाचल्यात. ती वहीच्या कोपऱ्यात उगाच बाण काढत राहिली. मग मान वर न करता तिने विचारलं, “मी त्यात आहे का?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा मी जे काही बोलले ते अगदीच बावळट होतं, “तू अजून लहान आहेस” छापाचं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तेच विचारतेय. लहान असले तर आहे की नाही?”

जाताना दारात थांबून तिने एवढंच सांगितलं, “आईला सांगू नकोस.”

आता ती अठरा पूर्ण करून भारतात कॉलेजात शिकते आहे. हा लेख तिने वाचला आहे. दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती मी काढली. ओळख पटेल अशा काही गोष्टी मी बदलल्या आहेत. कोणत्या, ते अर्थातच सांगणार नाही.

“आईला सांगू नकोस” हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत नव्हते. २००६ साली माझ्या मामेभावाने मला हेच सांगितलं होतं, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी, गच्चीवर. तोही तेव्हा सोळाचाच. माझ्याहून थोडासाच लहान, आम्ही एका ताटात जेवलेलो. त्याला वर्गातला एक मुलगा आवडत होता. मी त्याला शपथ दिली, आणि तीन आठवड्यांनी मामीला सांगून टाकलं. वाईट हेतू नव्हता. मला भीती वाटली होती आणि मोठ्या माणसाला सांगितलं की आपली जबाबदारी संपते अशी माझी समजूत होती. मामीने मामाला सांगितलं. मामाने त्याला जवळच्या शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हे ‘बरं होईल’ म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तो दिवसचे दिवस झोपून असायचा. बारावीचं वर्ष गेलं. त्यानंतर सहा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

हे सगळं आठवत त्या रात्री मी लॅपटॉप उघडला. पीएच.डी. केलेल्या माणसाला एक खोड लागते: काही सुचेनासं झालं की वाचत सुटायचं. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी मला ते ठाऊक हवं होतं. ती त्यात आहे का?

तुमच्यापैकी बहुतेकांना ६ सप्टेंबर २०१८ आठवत असेल. नवतेजसिंग जोहर खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी भारतीय दंडविधानाचं कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. त्याआधी २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेच केलं होतं आणि डिसेंबर २०१३मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं होतं. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. या सगळ्या निकालांत एक शब्द सारखा येतो: प्रौढ. मेकॉलेच्या काळातल्या कायद्याशी झगडणाऱ्यांना तो शब्द घ्यावाच लागला, कारण समोरून पहिला आरोप ‘हे मुलांना बिघडवतील’ हाच असायचा. पण त्यामुळे असं झालं की दार उघडलं ते अठराच्या पलीकडच्यांसाठी.

अलीकडे काय आहे? नुसतं कुणी आवडणं हा भारतात गुन्हा नाही, हे आधी स्पष्ट करते, कारण त्या मुलीला तीच भीती होती. पण २०१२चा पॉक्सो कायदा अठराखालच्या कुणाचीही संमती मानत नाही, मग ती मुलगा-मुलगी असोत की दोन मुली. लहानांच्या रक्षणासाठी हे हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्याच कायद्याने गुन्हा कळलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याचं बंधन घातलं आहे. त्यामुळे अठराखालचं मूल समोर आलं की समुपदेशक आणि कार्यकर्ते बिचकतात. मूल काय बोलून जाईल आणि मग काय करावं लागेल! आधार देणारे बहुतेक गट सरळ अठरा वर्षांची अट घालतात. म्हणजे ज्या वयात कळतं आणि सगळ्यात एकटं वाटतं, नेमकं त्याच वयात दार बंद.

ट्रान्सजेंडर मुलांची गोष्ट याहून वाकडी. एप्रिल २०१४च्या नालसा निकालाने आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. ‘ताली’ ही मालिका तुम्ही पाहिली असेल तर गौरी सावंत माहीत असतील. त्या खटल्यात त्याही होत्या. पुण्यातलं पोलीस अधिकाऱ्याचं घर सोडून त्या मुंबईला आल्या तेव्हा वय विशीच्या आतच होतं. आज तसं एखादं मूल घरातून निघालं तर? त्या निकालानंतर पाच वर्षांनी, २०१९ला, संसदेने जो कायदा केला त्यात ओळखपत्रासाठी अज्ञान मुलाचा अर्ज आईवडिलांनी किंवा पालकांनीच करायचा अशी तरतूद आहे. ट्रान्सजेंडर आहे म्हणून मुलाला कुटुंबापासून वेगळं करू नये, कोर्टाने मुलाच्या हितासाठी तसा आदेश दिला तरच, असंही कलम त्यात घातलं. कागदावर किती मायाळू वाटतं! पण मारहाण घरातच होत असेल तर त्या मुलाने कोर्टापर्यंत जायचं कसं, बसने?

माझ्या मामेभावाला तेव्हा काय उपलब्ध होतं, हेही मी शोधलं. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर १९९६पासून होता, टाटा समाजविज्ञान संस्थेतून मुंबईत सुरू झालेला. पण तो रस्त्यावरच्या मुलांसाठी, असंच आम्हाला वाटायचं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट २००२पासून काम करत होता. मुंबईत अशोक राव कवींनी १९९०ला ‘बॉम्बे दोस्त’ आणि १९९४ला हमसफर ट्रस्ट सुरू केला होता. खिऱ्यांचं ‘पार्टनर’ हे मराठी पुस्तक नेमकं अशाच मुलाबद्दलचं. मी आमच्या गावच्या वाचनालयात ‘पार्टनर’ मागितलं असतं तर ग्रंथपालकाकांनी हसून व. पु. काळे काढून दिले असते. शंभर-दोनशे किलोमीटरवर सगळं होतं आणि आमच्यापर्यंत त्यातलं काहीही आलेलं नव्हतं.

तेव्हाच्या त्या गोळ्या आज कुणी दिल्या तर मात्र फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९०लाच काढली, म्हणजे भावाचा जन्म झाला त्याच सुमारास. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की समाजाच्या चालीरीतींशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. जून २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी घरून पळून आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात असे ‘उपचार’ थांबवण्याचे आदेश दिले. त्याआधी स्वतःचे पूर्वग्रह तपासण्यासाठी ते स्वतः समुपदेशकाकडे बसले, आणि हे त्यांनी निकालात लिहूनही ठेवलं. (माझ्या क्षेत्रातल्या एकाही प्राध्यापकाने असं काही केल्याचं मला स्मरत नाही.) २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. महाविद्यालयात गेल्यावर यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६पासून लैंगिक कल हा शब्द स्पष्ट आहे. शाळेच्या बाबतीत मात्र फसगत झाली. एनसीईआरटीने २०२१मध्ये ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि बालहक्क आयोगाने आक्षेप घेतल्यावर ती काही दिवसांत संकेतस्थळावरून गायब झाली.

पण हे सगळं भारतातलं. ती मुलगी होती उम्म अल हस्सममध्ये, तिसऱ्या मजल्यावर, वडिलांच्या व्हिसावर.

इथे थोडं विषयांतर करते. मी इथल्या भूजलावर काम करते; जुन्या गोड्या पाण्याच्या विहिरी खाऱ्या कशा झाल्या, हा माझा विषय. त्यासाठी ब्रिटिश पोलिटिकल एजन्सीच्या जुन्या फायली वाचाव्या लागतात. पाण्याच्या फायलींमध्ये ‘बहारीन ऑर्डर इन कौन्सिल, १९१३’ हे शब्द सारखे आडवे येत. एकदा ते काय आहे म्हणून पाहिलं तर हा हुकूम १९१९ला अमलात आला होता आणि त्याने इथल्या ब्रिटिश प्रजेला व परदेशी माणसांना हिंदुस्थानातले कायदे लागू केले होते, बहारीन जणू मुंबई इलाख्यातला एक जिल्हा आहे असं धरून! त्यात भारतीय दंडविधानही आलं, आणि त्याबरोबर ३७७. म्हणजे ज्या वर्षांत इथे आपला रुपया चालायचा, टपालाच्या तिकिटांवर आपल्याच तिकिटांवर ‘बहारीन’ असा शिक्का मारलेला असायचा, त्या वर्षांत ते कलमही मुंबईहून बोटीने इथे आलेलं होतं. पुढे १९७६ला बहरीनने स्वतःची दंडसंहिता केली, तिच्यात तसं कलम राहिलं नाही. आपल्याला ते काढायला आणखी बेचाळीस वर्षं लागली. हे मी एका मराठी मेजवानीत सांगितलं तर कुणाला पटेना.

याचा अर्थ इथे मोकळीक आहे असा मुळीच नाही. सार्वजनिक नीतिमत्तेची कलमं आहेत आणि त्यांचा अर्थ लावणं पोलिसांच्या हातात असतं. मदतगट, मोर्चा, संस्था यांचं नाव काढायची सोय नाही. आणि त्या मुलीच्या बाबतीत या कलमांपेक्षाही मोठी गोष्ट होती ती तिच्या सीपीआर कार्डावरची. तिचा निवास परवाना वडिलांच्या नोकरीला जोडलेला. घरात बिनसलं आणि वडिलांनी ठरवलं की हिला आजीकडे पाठवू, तर एक परवाना रद्द करून विमानात बसवणं हा कागदाच्या दृष्टीने किरकोळ व्यवहार. आखातात राहिलेल्या प्रत्येकाने असं अचानक ‘आजीकडे गेलेलं’ एक तरी मूल पाहिलेलं असतं. कारण कुणी विचारत नाही.

तुमच्यातले जे कॅनडात, अमेरिकेत आहेत त्यांना हे परकं वाटेल. ओंटारियोत २०१२च्या कायद्याप्रमाणे विद्यार्थ्यांनी समलिंगी-मित्रगट मागितला तर शाळेला नाही म्हणता येत नाही, आणि नावात ‘गे’ शब्द नको असंही म्हणता येत नाही. तिथे हक्क थेट मुलाच्या हातात दिला आहे, आईबापांच्या हातून नव्हे. मराठी आईबापांना हे आवडतं असं नाही! टोरांटोच्या माझ्या एका मैत्रिणीने, ‘शाळेने आम्हाला कळवलंच नाही’ म्हणून माझ्याकडे तासभर त्रागा केला होता. पण भारत असो वा बहरीन, दोन्हीकडे मूल आणि कायदा यांच्यामध्ये आईबाप उभे आहेत. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार दोन्ही देशांनी १९९२ला स्वीकारला. त्यात मुलाचं म्हणणं ऐकलं जावं, त्याचं खासगीपण जपलं जावं, असं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे एवढंच. प्रत्यक्षात सोळा वर्षांच्या मुलाचं सर्वोच्च न्यायालय म्हणजे आईबाप आणि त्या निकालावर अपील नाही.

म्हणूनच आपल्याकडच्या या चळवळीत मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते वकील नव्हेत, पालक. चित्रा पालेकर तुम्हाला मराठी प्रायोगिक नाटकांमुळे ठाऊक असतील, किंवा ‘माती माय’ या चित्रपटामुळे. त्या एका लेस्बियन मुलीची आई म्हणून कितीतरी वर्षं जाहीरपणे बोलत आल्या आहेत. ३७७चा खटला सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा काही पालक स्वतःहून कोर्टापुढे उभे राहिले, त्यांत त्या होत्या. आमच्या घरांची शांती हे कलम मोडतंय, असं त्यांचं म्हणणं. पुढे मुंबईत पालकांचा ‘स्वीकार’ हा गट झाला. ती मुलगी यूट्यूबवर कोर्ट बघत होती त्याच महिन्यात या गटाच्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून मुलांच्या लग्नाचा हक्क मागितला. ऑक्टोबरमध्ये कोर्टाने तो दिला नाही. पण चारशे भारतीय आईबाप सही करतात, हे मला त्या निकालापेक्षा मोठं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तू त्यात आहेस, पण अजून दाराबाहेर आहेस, असं म्हटलं. तिला ते आवडलं नाही, पण खोटं बोलले नाही म्हणून बरं वाटलं असावं. मग आम्ही एक करार केला. मी कुणाला सांगणार नाही. मात्र तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी गप्प बसणार नाही, आणि कुणाशी बोलायच्या आधी तुला सांगीन. तिने विचार करून मान डोलावली आणि व्हेक्टरची वही उघडली.

त्यानंतरची दोन वर्षं मला जड गेली, हे कबूल करते. तिची आई आणि मी शुक्रवारी मनामाच्या भाजीबाजारात एकत्र जायचो. ती मुलीच्या लग्नासाठी सोनं बाजूला ठेवत होती, मला दुकानातल्या बांगड्यांचे फोटो पाठवायची. मी ‘छान’ असं लिहायचे. तिच्या हातची आमटी खायचे. खोटेपणा वाटायचा.

मे २०२५मध्ये, बारावीचा निकाल लागल्यावर, मुलीने स्वतः आईला सांगितलं. आणि मावशीला माहीत होतं, हेही सांगितलं. त्याच रात्री दारावर थाप पडली. तिची आई उभी होती, हातात माझाच स्टीलचा डबा. आत आली नाही.

“दोन वर्षं,” ती म्हणाली. “दोन वर्षं माझ्या घरी जेवत होतीस तू.”

मी तिला माझ्या मामेभावाबद्दल सांगायला लागले. ती म्हणाली, “मी तुझी मामी आहे का?” आणि डबा शू-रॅकवर ठेवून गेली.

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. ती माझी मामी नव्हती. तिने मुलीला कुठल्याही डॉक्टरकडे नेलं नाही. रडली, चार दिवस स्वयंपाक केला नाही, मग कॉलेजच्या प्रवेशाच्या मागे लागली. वडिलांना हे कळलंय की नाही मला ठाऊक नाही. मी तिला आधी सांगितलं असतं तर कदाचित मुलीची ती दोन वर्षं इतकी एकटीची गेली नसती. कदाचित ती आजीकडे गेली असती. बाहेरच्या माणसाला आत काय निकाल लागेल ते आधी कळत नाही, आणि मुलाला तर त्याहून कळत नाही. कायद्याने त्याला दुसरं दार मात्र दिलेलं नाही.

मी पुण्याला भावाला फोन केला. आता तो बोलतो माझ्याशी. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “तू आईला सांगितलंस याचा मला राग नव्हता गं. कदाचित मीच सांगितलं असतं कधीतरी. मला न विचारता सांगितलंस.”

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मैत्रीण माझ्या दोन रांगा पुढे उभी होती. आरतीनंतर वळलीच नाही. मी तिला चित्रा पालेकरांची एक मुलाखत आणि पालकांच्या गटाची माहिती पाठवून ठेवली होती. निळ्या खुणा आल्या होत्या, उत्तर नव्हतं.

मागच्या गुरुवारी रात्री अकराला तिचा मेसेज आला. नमस्कार नाही, खुशाली नाही.

“या चित्रा पालेकर म्हणजे नाटकातल्या त्याच का?”

मी लिहिलं, “हो. त्याच.”